कानातली सोबत

लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं की नजर वर ठेवायची, असं लिफ्ट दुरुस्त करायला शिकवणारे उस्ताद पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. वरचा डबा कधी दगा देईल याचा नेम नाही. त्या दिवशी मात्र डबा वर नीट अडकवलेला होता, वीज बंद होती, दारावर पाटी टांगलेली होती, आणि तरी खाली उभा असलेला लिफ्टमिस्त्री, टोपणनाव पाना, घाबरून गेला.

मांड्यांच्या आत ओल लागत होती. आधी त्याला वाटलं घाम असेल. मग वाटलं, खिशातली तेलाची कुपी गळली असेल. माणूस स्वतःची समजूत काढायला लागला की काय वाट्टेल ते खरं मानतो. शेवटी "आलोच" म्हणून तो शिडी चढला, इमारतीच्या पहारेकऱ्याच्या संडासात शिरला, कडी लावली आणि पाहिलं. रक्त होतं.

कुठल्याही बाईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, त्यात काय एवढं! पण पाना बाई नव्हता. जन्मला तेव्हा सगळ्यांनी मुलगी म्हटलं, शाळेत मुलगी म्हणून नाव लागलं, आणि मोठा झाल्यावर ह्यानं सरळ सांगितलं की तुमचा हिशेब चुकलाय. औषधं घेतली, दाढी आली, आवाज जाड झाला, छातीचं ऑपरेशन झालं. पाळी तर अशी थांबली की कित्येक वर्षांत त्याला तिची आठवणही आली नव्हती. आणि आता अचानक हे. आरशात दाढीवाला गडी, आणि हातातला कागद लाल.

रक्त बघून तो लाजला असेल असं तुम्हाला वाटेल. लाज कसली, त्याची पाचावर धारण बसली होती. कारण त्याला मावशी आठवली.

आई लहानपणीच गेल्यावर मावशीनंच त्याला वाढवलं. बाई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायची. पाना जेव्हा तिला म्हणाला की मी मुलगी नाही, तेव्हा ती बराच वेळ परात घासत राहिली आणि मग म्हणाली, "दाढी आली तर रोज करत जा. खुंट ठेवलेली माणसं मला आवडत नाहीत." झालं, विषय संपला. अशी बाई. पण स्वतःच्या अंगावर अवेळी रक्त जायला लागलं तेव्हा हीच बाई तोंडाला कुलूप लावून बसली. लपवून कपडे धुवायची. "उष्णता झालीय," म्हणायची. पान्यानं तिला ओढत डॉक्टरकडे नेलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. गर्भाशयात सुरू झालेलं दुखणं सगळीकडे पसरलं होतं. शेवटी शेवटी ती चादरीखाली असून नसल्यासारखी झाली होती.

म्हणजे पान्याला सगळं ठाऊक होतं. कशाची खूण आहे, उशीर केला तर काय होतं, सगळं. आणि एवढं ठाऊक असून त्यानं काय करावं? कागदाची घडी केली, आत घातली, हात धुतले आणि पुन्हा खड्ड्यात उतरला.

"काय रे, पांढराफटक पडलास," उस्ताद म्हणाले.

"पोट बिघडलंय."

उस्तादांनी त्याला नीट न्याहाळलं आणि आवाज खाली आणला. "मूळव्याध असेल तर लाजायचं नाही. मलापण आहे."

पाना कसाबसा हसला. उस्ताद भला माणूस, पण त्याला काय सांगणार, कपाळ!

रक्त थांबलं नाही. दोन दिवस बंद, की पुन्हा सुरू. पाना कामावर जाडजूड काळी पँट घालायला लागला. जिन्यावर चढताना पुढे कुणाला तरी जाऊ द्यायचा. बाकावरून उठला की आधी मागे वळून बाक बघायचा. खोलीवर आला की पोट दाबून बघायचा, आणि दाबलं की तिथे गाठ लागतेय असं त्याला वाटायचं. वाटायचं की खरंच लागायची, देव जाणे. भूक मेली. जीव मुठीत धरून जगणं म्हणजे काय ते त्याला आता कळलं.

आता गच्चीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गच्ची हा फोनमधला ग्रुप. मुलगा की मुलगी, जन्माच्या वेळी लोकांनी एक ठरवलं आणि ज्यांनी पुढे स्वतःचं वेगळं सांगितलं, अशी सगळी मंडळी त्यात. गप्पा कसल्या? तुमच्याआमच्या घरात असतात तसल्याच. कोणत्या गोळीनं पाय सुजतात, साहेबाला कसं सांगायचं, बहिणीच्या लग्नात काय घालायचं, चेहऱ्यावरचे केस काढणारी बाई किती लुटते. रविवारी सकाळी तब्येतीची चौकशी: प्रत्येकानं आपल्या शरीराबद्दल एक तरी खरी गोष्ट सांगायची. ग्रुप काढला हेडबाईंनी. हे नाव त्यांना पडलं ते त्यांच्या रागावण्यावरून. प्रत्यक्षात त्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करत. तिथे आणि भावाच्या घरी सगळे त्यांना पुरुष समजत. बाई म्हणून त्या फक्त गच्चीवर जगत. पन्नाशी उलटलेली बाई, उजेडात बाई म्हणून एकदाही रस्त्यावर पाऊल टाकलेलं नाही.

गच्चीचे नियम हेडबाईंचेच. खरं नाव विचारायचं नाही, टोपणनावानंच हाक मारायची; पत्ता विचारायचा नाही, भेटायचं नाही. पूर्वी एकदा कुणीतरी खोटं नाव घेऊन आत शिरलं होतं, एका पोरीला भेटायला बोलावलं होतं आणि तिथे चौघांनी मिळून तिला मारलं होतं. तेव्हापासून नियम म्हणजे नियम.

पण भेटायचं नाही म्हणजे सोबत द्यायची नाही असं थोडंच! त्यावर मंडळींनी तोड काढली होती: कानात बसायचं. कुणाला डॉक्टरकडे जायचं असेल, सरकारी कचेरीत जायचं असेल, पहिल्यांदा पुरुषांच्या सलूनमध्ये केस कापायला जायचं असेल, तर एका कानात हेडफोन घालून फोन चालू ठेवायचा. पलीकडे गच्चीतलं कुणीतरी बसलेलं असायचं. बसणाऱ्यानं आपणहून बोलायचं नाही. समोरच्यानं घसा खाकरला की मगच बोलायचं. आणि काही झालं तरी आधी फोन ठेवायचा नाही. एवढी साधी गोष्ट, पण तिच्या जोरावर माणसं पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढून आली होती.

आणि कानात बसण्यात पान्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. टेलिफोन कंपनीत काम करणारी बिस्कीट पहिल्यांदा रक्त तपासायला गेली तेव्हा पानाच कानात होता. "श्वास घे. मी आहे. सुई आहे, वाघ नाही," असं तो म्हणाला होता, ते बिस्कीट अजून सगळ्यांना सांगते. कुणीही गांगरलं की म्हणायचं, पान्याला बसव कानात. असा हा धीट म्हणून नावाजलेला माणूस रविवारच्या चौकशीत लागोपाठ लिहीत होता: ठणठणीत.

मग एका रविवारी त्याला राहवलं नाही. त्यानं लिहिलं, "माझ्या एका मित्राला विचारायचंय. खूप वर्षं औषधावर आहे. पाळी बंद होती. आता रक्त जातंय. बरेच दिवस. काही काळजीचं नसतं ना?"

बिस्किटानं लगेच लिहिलं, औषध चुकलं तर असं होतं, डॉक्टरला दाखवा म्हणावं. आणखी कुणी काही लिहीपर्यंत पान्याचा फोन वाजायला लागला. हेडबाई.

"मित्राचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"नाव विचारायचं नाही असा नियम आहे."

"मला नियम शिकवतोस? बरेच दिवस म्हणजे किती, पान्या?"

पान्याचा बांधच फुटला. मावशी, चादर, पोटातली गाठ, सगळं त्यानं ओकून टाकलं. रडताना त्याचा आवाज फाटला. हेडबाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. त्यानं घसा खाकरायची वाट बघत असतील.

"अरे मूर्खा," त्या शेवटी म्हणाल्या, "लोकांना डॉक्टरकडे हाकलतोस आणि स्वतः बिळात बसतोस? शोभतं का तुला? उद्या नंबर लाव. कानात मी बसते."

"बायकांचा विभाग असतो तो, हेडबाई. मी तिथे कसा जाऊ?"

"पायांनी," हेडबाई म्हणाल्या.

त्यानं मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाचं हॉस्पिटल निवडलं, जिथल्या लिफ्ट दुसरी कंपनी सांभाळते. फोनवर नंबर लावताना जुनंच नाव सांगावं लागलं, कारण कागदपत्रांवर अजून तेच होतं. उस्तादांना सांगितलं, मूळव्याध दाखवायला चाललोय. उस्तादांनी आनंदानं सुट्टी दिली.

बायकांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. भिंतींना फिकट हिरवा रंग, प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींना सळईनं जोडलेल्या, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र, आणि सगळीकडे बायका. म्हाताऱ्या, पोटुशा, कडेवर पोर घेतलेल्या. दोनतीन नवरे भिंतीला चिकटून फोनमध्ये डोकं घालून उभे होते. पाना दारातून आत आला आणि काउंटरशी गेला. डाव्या कानात हेडफोन, आणि त्यात वाफेच्या इस्त्रीचा फुस्सकन आवाज. हेडबाई कामावरूनच कानात बसल्या होत्या.

"नंबर लावलाय," पाना म्हणाला आणि जुनं नाव पुटपुटला.

काउंटरवरच्या बाईनं मान वर न करता नाव शोधलं. मग मान वर केली, दाढी पाहिली. "पेशंट कुठंय?"

इथेच घोडं अडलं. "मीच" एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण मागे रांगेत तीन बायका उभ्या होत्या, आणि पान्याच्या तोंडातून निघालं, "येतेय. ती येतेय मागून."

"बसा मग. आल्या की सांगा."

आणि हा पठ्ठ्या जाऊन बसला! स्वतःचाच नवरा होऊन, स्वतःचीच वाट बघत! कुणाला सांगितलं तर हसून हसून पुरेवाट होईल. पण त्याला हसू येत नव्हतं. पँटच्या आत पुन्हा ओल लागायला लागली होती.

शेजारी एक आजी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. "पहिलंच का?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"मूल. पहिलंच का, म्हटलं?"

"हो," पाना म्हणाला. आता एक खोटं बोललेलंच होतं, त्यात दुसऱ्याची भर.

"तरीच. तोंड बघा केवढंसं झालंय! अहो, तुम्हीच असे गळून गेलात तर तिनं बिचारीनं कुणाकडे बघायचं?" आजींनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "होईल सगळं नीट."

त्या हातानं त्याला मावशीची इतकी आठवण झाली की तो उठून पळणारच होता. तेवढ्यात आतलं दार उघडलं, परिचारिकेनं डोकं बाहेर काढलं आणि त्याचं जुनं नाव पुकारलं. सगळ्या बायका इकडेतिकडे बघायला लागल्या. कोण आहे, कोण आहे? पाना जागचा हलला नाही. तिनं पुन्हा पुकारलं. काउंटरवरची बाई म्हणाली, "त्यांचे मिस्टर आलेत, त्या यायच्यात." परिचारिका वैतागली. "मग पुढचा नंबर घेते. नंतर आल्या तर आज व्हायचं नाही, सांगून ठेवते."

आज व्हायचं नाही. आज झालं नाही तर पाना पुन्हा इथे येणार नव्हता, हे त्याला स्वतःला पक्कं माहीत होतं. मावशीही "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणायची. पुढच्या आठवड्यात काळी पँट, त्याच्या पुढच्या आठवड्यात काळी पँट, आणि मग चादर.

त्यानं घसा खाकरला.

"बायको यायची नाही तुझी," हेडबाई कानात म्हणाल्या. आवाज हळू होता, इस्त्री बंद होती. "ऊठ, पान्या."

तो उठला. कसा उठला ते त्यालाही सांगता आलं नसतं. "मीच आहे," तो म्हणाला. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला. दुसऱ्यांदा जरा जास्तच मोठ्यानं निघाला. "पेशंट मीच आहे."

भिंतीला चिकटलेल्या एका नवऱ्यानं फोनमधून डोकं वर काढलं. कुणीतरी खुसखुसलं. आजींनी एकदा पान्याकडे, एकदा परिचारिकेकडे पाहिलं आणि मग पिशवी छातीशी धरून पाय आत ओढून घेतले, त्याला जायला वाट करून देण्यासाठी की त्याचा स्पर्श नको म्हणून, कळायला मार्ग नव्हता. पाना मान खाली घालून आत गेला.

डॉक्टरबाई चटपटीत होत्या. त्यांनी दाढीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" असं विचारलं आणि पुढे सगळा वेळ तसंच म्हणाल्या. कोणतं औषध, किती वर्षं, रक्त कधीपासून. एवढे दिवस? त्यांच्या भुवया वर गेल्या. सोनोग्राफी झाली. पडद्यावर करडं धुकं दिसत होतं, आणि त्या धुक्यात डॉक्टरबाई एकाच जागी पुन्हा पुन्हा यंत्र फिरवत होत्या. पाना त्यांच्या तोंडाकडे बघत होता. चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती.

"आतलं अस्तर जाड झालंय," त्या म्हणाल्या. "आणि इथे काहीतरी वाढलेलं दिसतंय. साधंही असू शकतं. पण आत बघून तिथला तुकडा काढून तपासायला पाठवायला हवा. आजच करू. तुम्हाला मी पुन्हा घरी पाठवत नाही."

"कॅन्सर आहे?"

"मला आत्ता माहीत नाही. खोटं बोलणार नाही तुमच्याशी."

त्याला हिरवा गाऊन दिला, मागून बांधायचा. बांधताना नाडीची गाठ बसेना. परिचारिका ट्रे घेऊन आली. घड्याळ, चावी, फोन ट्रेमध्ये. "कानातलंही काढा."

"हे राहू दे."

"आत चालत नाही."

"बाई, पाया पडतो, हे राहू द्या. मी एक शब्द बोलणार नाही. नुसतं राहू द्या कानात."

"अहो, गुंगीचं औषध देणार तुम्हाला. फोनबिन काही नाही. आणि सोबत कोण आलंय? औषध दिल्यावर एकटं सोडत नाही आम्ही. घरचं कुणीतरी इथे हवं, नाहीतर करता येणार नाही."

घरचं कुणी. घरची होती ती चादरीखाली गेली. उस्तादांना बोलवावं? उस्ताद बायकांच्या विभागात मूळव्याधीच्या ऑपरेशनला येऊन उभे राहिले असते. पाना गाऊनवरच पँट चढवायला लागला. नको. नाही जमायचं. निदान आपण प्रयत्न तर केला, असं म्हणून घरी जायचं, दार लावायचं.

आणि कुणी घसा खाकरलेला नसताना कानात आवाज आला. "कुठलं हॉस्पिटल?"

पाना थबकला. "हेडबाई?"

"बहिरा झालास का? हॉस्पिटल कुठलं, कितवा मजला?"

"विचारायचं नाही ना."

"मी केला तो नियम. मी बघते त्याचं काय करायचं ते. सांग."

त्यानं सांगितलं. पलीकडे काही क्षण नुसता श्वास ऐकू आला. भराभर, उथळ. पान्याला तो श्वास ओळखीचा होता. कानात बसून त्यानं तसले कितीतरी ऐकले होते. घाबरलेल्या माणसाचा होता.

"अंगावर कामाचेच कपडे आहेत," हेडबाई म्हणाल्या. "शर्ट-पँट. वेळ नाही दुसरं काही करायला. मला ओळखशील?"

"आवाज काढा, ओळखेन."

"येते. पँट उतरव आणि गप बस तिथे."

परिचारिकेनं हेडफोन काढून घेतला. पाना पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसून राहिला. डाव्या कानात आता कुणाचाच आवाज नव्हता. त्याला वाटलं, त्या नाही यायच्या. कशा येतील? एवढ्या वर्षांत गच्चीची पायरी न उतरलेली बाई. बसमध्ये चढतील, धीर सुटेल, परत उतरतील. आपण तरी काय, दुसऱ्याचा जीव टांगणीला लावला. तुकडा काढायचा राहील, आणि त्या स्वतःलाच दोष देत बसतील. पडद्यामागून ट्रॉलीचं चाक करकरत गेलं. कुठेतरी एक पोर रडत होतं आणि कुणीतरी त्याला गप्प करत होतं.

मग बाहेरच्या खोलीतून आवाज चढलेला ऐकू आला.

"अहो दादा, बायकांचा विभाग आहे. पुरुष आत नाही येऊ शकत."

मग पुन्हा तोच आवाज: "तुम्ही पेशंटचे कोण? बोला ना!"

पाना पलंगावरून उतरला. मागून उघडा पडणारा गाऊन एका हातानं मुठीत धरून, अनवाणी, तो पडदा सारून दारापर्यंत गेला. परिचारिका मागून ओरडली. काउंटरसमोर एक उंच, खांदे पडलेली व्यक्ती उभी होती. निळा कामाचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत वळवलेल्या, मनगटांवर इस्त्रीच्या चटक्यांचे डाग, पातळ होत चाललेले करडे केस घामानं कपाळाला चिकटलेले. तोंड उघडं होतं आणि शब्द फुटत नव्हता. गच्चीवर सगळ्यांना फाडून खाणारी बाई काउंटरची कड धरून थरथरत उभी होती. सगळ्या खुर्च्या तिच्याकडे बघत होत्या.

आवाजाची गरजच पडली नाही.

"ती माझी ताई आहे," पाना दारातून म्हणाला.

आता सगळ्या खुर्च्यांनी माना वळवल्या. दाढीवाला पेशंट, बायकांच्या गाऊनमध्ये, आणि शर्ट-पँटमधली त्याची ताई. काउंटरवरच्या बाईनं ह्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा ह्याच्याकडे पाहिलं. पान्याला वाटलं, आता ही ओरडणार, पहारेकऱ्याला बोलावणार, दोघांना बाहेर काढणार. आणि त्याला कळलं की बाहेर काढलं तरी आता तो जाणार नाही, इथेच फरशीवर बसेल.

"थोरल्या का?" काउंटरवरच्या बाईनं विचारलं.

"हो," पाना म्हणाला.

"मग बोलायला काय झालं? मघापासून विचारतेय मी." तिनं उसासा टाकला. "ताई, चपला तिकडे काढा. हात धुऊन आत जा."

हेडबाई हलल्या नाहीत. त्यांनी काउंटरवरच्या बाईकडे असं पाहिलं की ती बिचारी गोंधळली. "काय झालं, ताई?" तिनं पुन्हा विचारलं, आणि त्या दुसऱ्या हाकेसरशी हेडबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. भर उजेडात, परक्या माणसाच्या तोंडून, एवढ्या आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी खाली वाकून चपला काढल्या. बराच वेळ काढत राहिल्या. आजींनी खाली ठेवलेली आपली पिशवी उचलून बाजूला घेतली, हेडबाईंच्या पायात येत होती म्हणून.

आत पान्याला पलंगावर आडवं केलं. वरचा दिवा डोळ्यांत घुसत होता. डॉक्टरबाईंनी हातमोजे चढवले, सुई टोचली, आकडे मोजायला सांगितले. हेडबाई उशाशी उभ्या होत्या. इस्त्रीनं खरखरीत झालेला, गरम हात त्यांनी पान्याच्या हातात दिला होता. पान्याचा हात थंडगार पडला होता आणि त्यांचा घामानं भिजला होता. एकमेकांचा चेहरा दोघंही पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते.

पान्यानं घसा खाकरला.

हेडबाई त्याच्या कानाशी वाकल्या. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पान्यानं इतरांना सांगितलेलं सगळं त्यांना पाठ होतं. पण त्यातलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही.

"मला फार भीती वाटतेय रे," त्या म्हणाल्या.

"मलापण," पाना म्हणाला.

डॉक्टरबाईंनी दिवा खाली ओढला. पाना एक, दोन, तीन म्हणत गेला, आणि आकडे धूसर व्हायला लागले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की शेजारी त्याच्याबरोबर कुणीतरी मोठ्यानं मोजतंय आणि हात अजून सोडलेला नाही.